कचेरीतला संगणक खेळू लागतो

सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक कचेरीत एक नोंदवही असते. तिला जडवस्तू संग्रहाची नोंदवही म्हणतात. खुर्ची, टेबल, कपाट आणि पंखा यांच्या पंक्तीला गेल्या काही वर्षांत संगणकही येऊन बसला आहे. वस्तू विकत घेतली की तिचे नाव या वहीत चढते. दर वर्षी तिची किंमत कागदावर थोडी थोडी उतरत जाते. आणि एक दिवस असा उगवतो की, कागदापुरती ती वस्तू मोलहीन होते. मग तिचे निर्लेखन होते, म्हणजे वहीतून तिचे नाव कमी करण्यात येते. टेबलाखालचे यंत्र मात्र त्या दिवशीही आदल्या दिवशी चालत होते तसेच चालत असते. हिशेबाने मेलेले आणि प्रत्यक्षात जिवंत, अशी ही जी चमत्कारिक अवस्था आहे, तिच्यातून एक मोठा व्यापार उभा राहिला आहे. आणि तो नीट पाहावयाचा असेल तर बंगळूरच्या जुन्या पेठेत गेले पाहिजे.

बंगळुरात हा व्यापार वाढला यात नवल नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली येथे आपले केंद्र उघडले. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस त्याच्याही आधी, १९८३ साली, आपले बिऱ्हाड घेऊन येथे आली होती. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत शहराच्या चहू बाजूंना काचेच्या इमारती उठल्या, आणि त्यांच्या मजल्यामजल्यावर संगणकांच्या रांगा लागल्या. या कंपन्या पुष्कळदा यंत्रे विकत घेत नाहीत. ठरावीक मुदतीच्या भाड्याने घेतात. तीन-चार वर्षांची मुदत भरली की शेकडो यंत्रे एकदम परत जातात. ती घाऊक लिलावात निघतात, कोणी व्यापारी शंभर-दोनशेंचा गट उचलतो, धूळ झाडतो, निकामी भाग काढून दुसऱ्या यंत्राचा चांगला भाग बसवतो, आणि मग ती एकेक करून किरकोळ बाजारात येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर, ही त्यांतली नेहमीची नावे. दिसावयास सगळी सारखीच: काळी पेटी, रंगरूपाचा कसलाही डौल नाही, आवाज बेताचा, आणि वर्षानुवर्षे रोज आठ-दहा तास काम करण्याची सवय. कचेरीतील माणसांविषयी असे सरसकट म्हणता येणार नाही.

या यंत्रांचा बाजार भरतो तो सदर पत्रप्पा रस्त्यावर. त्याला सारे शहर एस. पी. रोड या नावाने ओळखते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्याने पाहिली आहे, त्याला हा रस्ता परका वाटणार नाही. टाउन हॉलपासून पायी जाण्याच्या अंतरावर, नगरथपेठेच्या अंगाला, दुकानांच्या दोन्ही बाजूंच्या ओळी. फूटपाथवर तारांची भेंडोळी, पंखे, कळफलक. आणि हातगाडी, स्कूटर व माणूस यांची एकमेकांतून वाट काढण्याची अखंड खटपट. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या शहराचा हाच गाभा. १६३८ साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, तेव्हाही व्यापार याच पेठांतून चालत असे. जवळच धर्मरायाचे देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेच्या रात्री तेथून करगाची मिरवणूक निघते. आणि शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण होणारी वीज १९०५ साली बंगळुरास आली, तेव्हा रस्त्यावरचे पहिले विजेचे दिवेही येथून जवळच, सिटी मार्केटच्या परिसरात लागले. विजेच्या वस्तूंचा बाजार पुढे याच भागात वाढावा हा योगायोग असेल. पण तो सुखद योगायोग आहे.

आता या रस्त्यावर येणाऱ्या एका विशिष्ट गिऱ्हाइकाकडे वळू. हा बहुधा सोळा ते बावीस वर्षांचा मुलगा असतो. सोबत पुष्कळदा वडील असतात. वडील पीण्याच्या एखाद्या कारखान्यात कामाला असतील, किंवा त्यांचे लहानसे दुकान असेल. मुलाला संगणक हवा आहे. अभ्यासासाठी हवा आहे, असे तो घरी म्हणाला आहे, आणि ते खोटे नाही. पण त्याला त्यावर खेळही खेळावयाचे आहेत, आणि हे तो वडिलांना रस्त्याच्या तोंडाशी आल्यावर सांगतो. खेळासाठी म्हणून बांधलेला नवा संगणक साठ-सत्तर हजारांच्या खाली क्वचितच मिळतो. वडिलांच्या खिशात आहेत वीस-बावीस हजार, आणि तेही सहा महिन्यांच्या काटकसरीचे. जुन्या यंत्रांच्या दुकानाची पायरी ते चढतात, ती या फरकामुळे.

खेळाला कचेरीतला संगणक जसाच्या तसा का चालत नाही, हे समजण्यास थोडे गणित उपयोगी पडेल. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. चित्र हलते आहे असे डोळ्यांस सुरळीत वाटावे म्हणून ते सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. याचा अर्थ, प्रत्येक सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा, आणि तोही प्रकाश कोठून पडतो, सावली कोठे जाते, भिंतीमागे काय दडले आहे याचा हिशेब करून. संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा अनुभवी हेडक्लार्कसारखा असतो. अवघड प्रकरण त्याच्यापुढे ठेवा, तो चटकन निकालात काढील. पण त्याच्या कचेरीत असे चारच हेडक्लार्क, फार तर सहा. त्यांना शिरगणतीच्या कामाला लावले तर काय होईल? शिरगणतीला हुशारी थोडी आणि माणसे पुष्कळ लागतात. प्रत्येकाने आपल्या वाट्याची चार घरे मोजावयाची. चित्रपत्र, ज्याला बाजारात ग्राफिक्स कार्ड म्हणतात, ते म्हणजे अशा प्रगणकांची पलटण. एनव्हिडिया कंपनीच्या २०१९ साली निघालेल्या जीटीएक्स १६५० या साध्यासुध्या कार्डावरदेखील असे ८९६ गणक एकाच वेळी काम करतात. कचेरीतल्या यंत्रात प्रक्रियकाच्या पोटातच चित्रे काढण्याची थोडीशी सोय असते. ती पत्रे लिहिण्यास आणि तक्ते भरण्यास पुरते. शिरगणतीस पुरत नाही.

तेव्हा युक्ती साधी आहे. जुन्या यंत्राचा प्रक्रियक तसाच ठेवावा आणि त्याच्या जोडीला एक चित्रपत्र बसवावे. २०१३ सालच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मधला चार गाभ्यांचा प्रक्रियक आजही बऱ्याच खेळांना पुरा पडतो. युक्ती साधी असली तरी पैसे बुडतात ते येथेच, आणि म्हणून या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे.

पहिला प्रश्न विजेचा. कचेरीसाठी यंत्र बांधणारा कारखानदार विजेचा पुरवठा अगदी मोजून देतो. खेळणाऱ्या मुलाचा विचार त्याने केलेला नसतो. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या पेटीत २९० वॉटचा पुरवठा आहे. त्यातला ८४ वॉटपर्यंतचा भार प्रक्रियकाचा. शिवाय चकती, पंखे आणि स्मृती. चित्रपत्र ज्या खाचेत बसते, ती खाच स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकते. म्हणजे ७५ वॉटच्या आत भागणारे कार्ड घेतले तर वेगळी तार जोडण्याची गरजच नाही. २०१६ सालचे जीटीएक्स १०५० टीआय आणि वर सांगितलेले १६५० ही या मर्यादेत राहणारी कार्डे. २०२४ च्या आरंभी आलेले सहा गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० तर ७० वॉटवर भागवते, पण त्याची किंमत अख्ख्या जुन्या यंत्राहून अधिक असते. १६५० च्या काही प्रतींना बनवणाऱ्याने वेगळ्या तारेची जागा ठेवलेली असते, म्हणून केवळ नाव पाहून भागत नाही. कार्ड उलटून पाहावे लागते.

मोह पडतो तो दुसऱ्याच कार्डांचा. इथेरियम या आभासी चलनाची नाणी चित्रपत्रांच्या गणनशक्तीवर तयार होत असत, आणि २०२०-२१ मध्ये त्यापायी जगभर कार्डांचा दुष्काळ पडला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने आपली पद्धतच बदलली. रातोरात निरुपयोगी झालेली हजारो कार्डे जुन्या बाजारांत येऊन पडली. २०१७ सालचे आरएक्स ५८० त्यांतलेच. १६५० च्या किमतीत किंवा तीहून कमी पैशात ते मिळते, आणि खेळात त्याच्या पुढेही जाते. पण त्याची भूक १८५ वॉटची आहे. ती भागवण्यास कचेरीच्या यंत्रात तारच नसते. मग दुकानातला कोणी एक जोडतार पुढे करतो: एका टोकाला चकतीची वीज, दुसऱ्या टोकाला कार्ड. चकतीसाठी काढलेल्या त्या बारीक तारेवर एवढा भार टाकला की जोड तापतो, प्लॅस्टिक वितळते, आणि नशीब खराब असेल तर यंत्राबरोबर टेबलही काळे होते. पुरवठाच बदलून मोठा बसवावा म्हटले तर तेही सरळ नाही. सर्वसाधारण संगणकात मुख्य फलकाला चोवीस टोकांची जोडणी असते. ९०२० मध्ये ती आठ टोकांची आहे, एचपीच्या एलिटडेस्क ८०० च्या पहिल्या आवृत्तीत सहा टोकांची. प्रत्येक कारखानदाराने आपापले कुलूप आणि आपापली किल्ली केली आहे. कचेरीला याचे काही वाटत नाही, कारण तिला करारातून दुरुस्ती मिळत असते. दुसऱ्या मालकाला मात्र हे कुलूप जाचते.

दुसरा प्रश्न पेटीच्या आकाराचा. अर्ध्या रुंदीची सडपातळ पेटी टेबलावर छान दिसते आणि हजार-दीड हजारांनी स्वस्तही पडते. परंतु तिच्यात आखूड उंचीचेच कार्ड मावते, आणि अशी कार्डे कमी असल्यामुळे महाग असतात. वाचवलेले हजार तेथे दुपटीने जातात. उभी मोठी पेटी घ्यावी. बाकीच्या गोष्टी फारशा कठीण नाहीत. फिरत्या चकतीऐवजी घन स्मृतीची चकती घ्यावी. आठ गिगाबाइटची एक पट्टी बसवण्यापेक्षा चार-चारच्या दोन बसवाव्या, म्हणजे प्रक्रियकाला दोन वाटांनी माल मिळतो. प्रक्रियकावरचा वाळलेला लेप पुसून नवा लावावा. आणि यंत्र सुरू होताना जुन्या कचेरीचा परवलीचा शब्द मागत नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. पेटीवर मागल्या मालकाची क्रमांकाची चिठ्ठी तशीच चिकटलेली असते. तिची चिंता नाही, पण आतला शब्द राहिला असेल तर यंत्र घरी नेऊन उपयोग नाही.

एवढे सारे सांभाळले तर काही वर्षांपूर्वीपर्यंत हा सौदा निःसंशय चांगला होता. आता त्यात एक नवी अडचण आली आहे, आणि ती यंत्राच्या झिजण्याने आलेली नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांसाठी सुरक्षेपुरती वाढीव मुदत ठेवली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची प्रणाली, विंडोज ११, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रक्रियक अधिकृतपणे स्वीकारीत नाही, आणि सुरक्षेसाठी टीपीएम २.० नावाची सोय यंत्रात असावी असा तिचा आग्रह आहे. २०१३ सालचा प्रक्रियक हा चौथ्या पिढीचा. म्हणजे जे यंत्र उत्तम चालते आहे, ते एका दूरच्या निर्णयाने पुन्हा एकदा निर्लेखित झाले. पहिल्या वेळी हिशेबाच्या वहीने त्याला मारले होते, या वेळी परवान्याने.

यातून एक वाट लिनक्सची आहे. ही प्रणाली विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांवर सुखाने चालते, आणि व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ खेळ तिच्यावरही चालतात. पण सगळेच चालत नाहीत. व्हॅलोरंट हा २०२० साली आलेला, महाविद्यालयीन मुलांचा अत्यंत आवडता खेळ, फसवणूक रोखण्यासाठी स्वतःचा एक पहारेकरी यंत्रात बसवतो. तो पहारेकरी लिनक्सवर येतच नाही, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० मागतो. गंमत अशी की, या खेळाला यंत्राची ताकद अगदी थोडी लागते. ताकद आहे, पण प्रवेशपत्र नाही, अशी जुन्या यंत्राची स्थिती होते. ज्या मुलाचे सगळे मित्र हा एकच खेळ खेळतात, त्याला लिनक्सचे गुण समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

म्हणून जाणकार दुकानदार हल्ली वेगळा सल्ला देतात. चौथ्या पिढीचे यंत्र आठ-दहा हजारांत मिळत असेल, तर आणखी काही हजार घालावे आणि आठव्या पिढीचे घ्यावे. उदाहरणार्थ २०१८ सालचे ऑप्टिप्लेक्स ७०६०. त्यात सहा गाभ्यांचा प्रक्रियक मिळतो, टीपीएम असते, विंडोज ११ कसलीही खटपट न करता चालते, आणि खाचेतून मिळणारी वीज तीच ७५ वॉटची असल्यामुळे कार्डाची निवडही तीच राहते. वडिलांचा वीस-बावीस हजारांचा आकडा येथे ताणला जातो. कार्ड आज घ्यावे की सहा महिन्यांनी, असा प्रश्न येतो. यंत्र आधी चांगले घ्यावे आणि कार्ड मागाहून, हे उत्तर मुलाला पटत नाही. पण कार्ड केव्हाही बदलता येते, आणि फलक बदलणे म्हणजे सगळेच बदलणे, ही गोष्ट खरी आहे. तोवर पोटातल्या सोयीवर हलके खेळ, व्हॅलोरंटही, बेताच्या वेगाने चालतात.

खेळावर इतका खर्च करावा काय, अशी शंका येणे साहजिक आहे. आपल्याकडे खेळणाऱ्या मुलापेक्षा बसून राहिलेला मुलगा अधिक गुणी समजला जातो. पण संगणकावरील खेळ ही पोरकट गिऱ्हाइकांसाठी मागाहून काढलेली टूम नव्हे. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पीडीपी-१ या यंत्रावर काही तरुणांनी अवकाशयुद्धाचा एक खेळ रचला. त्या यंत्राची किंमत त्या काळी सुमारे १ लाख २० हजार डॉलर होती, आणि ते संस्थेस संशोधनासाठी मिळालेले होते. कामाच्या यंत्रावर खेळण्याची परंपरा ती अशी जुनी आहे. शिवाय ज्या चित्रपत्रावर मुलगा खेळतो, त्याच पत्रावर त्रिमिती आराखडे काढता येतात आणि यंत्रशिक्षणाचे पहिले धडे गिरवता येतात. ते विकत घेताना त्याने अभ्यासाचे नाव सांगितले ते सर्वस्वी बहाणा नव्हते. जुगाराची गोष्ट वेगळी. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी केली आणि त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली. दोहोंतला भेद पालकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

या व्यापाराची एक बाजू दुकानात दिसत नाही. जे यंत्र कोणी घेत नाही ते भंगारात जाते. फलकावरील तांबे आणि सोने काढण्यासाठी तो उघड्यावर जाळणे किंवा आम्लात बुडवणे, हा उद्योग आपल्या शहरांतील गरीब वस्त्यांतून अनेक वर्षे चालत आला. त्याचा धूर आधी हे काम करणाऱ्यांच्याच छातीत जातो. बंगळुराजवळ दाबसपेठ येथे ई-परिसर या संस्थेने २००५ साली हे काम शास्त्रशुद्ध रीतीने सुरू केले, आणि अशी अधिकृत मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या केंद्रांत तिची गणना होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी कारखानदारावर आपल्या जुन्या मालाची जबाबदारी टाकली आहे, आणि जुन्या यंत्रांचे नूतनीकरण करणाऱ्यानेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी, अशी तरतूद केली आहे. एस. पी. रोडवरच्या दहा फुटी दुकानाला ही नोंदणी कितपत पेलते, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी त्या रस्त्यावर एक दुपार उभे राहून सोडवावा. नियम कडक केला आणि दुकान बंद पडले, तर यंत्र आम्लाच्या पिपाकडे चार वर्षे लवकर जाईल.

दुकानात मात्र संध्याकाळी वेगळाच वाद चाललेला असतो. यंत्र जोडून पडद्यावर खेळ सुरू केलेला आहे. अर्धा तास भर देऊन चालवावे आणि मगच पैसे द्यावे, हा येथला समंजस रिवाज. मुलगा पडद्याकडे पाहतो, वडील पेटीच्या मागे हात धरून किती गरम हवा येते ते पाहतात. दुकानदार महिन्याची हमी देतो, वडील तीन महिन्यांची मागतात. कानडी, हिंदी आणि हातवारे यांच्या मिश्रणातून दोन महिन्यांवर तडजोड होते. मग दुकानदार मागल्या फळीवरून त्याच जातीचा एक जुना वीजपुरवठा काढतो आणि तोही घेऊन ठेवण्यास सांगतो, कारण त्या विचित्र टोकांचा पुरवठा पाच वर्षांनी शोधून सापडावयाचा नाही. वडील त्याची किंमत विचारतात, आणि घासाघीस पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.